प्रकल्प नोंदी: पतसंस्थेच्या वेब-प्रणालीला ई-मेलची नवी जोडणी, नागपूर

२ डिसेंबर २०२४, सोमवार

इतवारीतल्या पतसंस्थेत पहिली बैठक. मागणी एका वाक्याची: "मेल जाऊन नाही राहिले जी, तेवढं चालू करून द्या." मॅनेजर मॅडमचा समज असा की नवा सर्व्हर घेतला की मेल आपोआप सुरू होतील.

जुना सर्व्हर विंडोज २००३ चा. प्रणाली क्लासिक एएसपीमधली (मायक्रोसॉफ्टचं वेब-पानं बनवण्याचं जुनं तंत्र), पानं व्हीबीस्क्रिप्ट भाषेत, डेटा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर; फक्त लाभांशाचा एक अहवाल अजून अ‍ॅक्सेसच्या फाइलवर चालतो. सगळं नव्याने लिहायला बजेट नाही आणि मला तशी गरजही दिसत नाही. व्याजाचे हिशेब बरोबर येतात, कर्मचाऱ्यांना पानं तोंडपाठ आहेत. मेल तीन कामांसाठी जातात: मुदत ठेव संपण्याआधीची सूचना, थकलेल्या हप्त्याचं स्मरणपत्र आणि वार्षिक सभेची नोटीस.

कॅशियर भाऊंना बटण दाबून दाखवायला सांगितलं. त्यांनी 'सूचना पाठवा' दाबलं, पान फिरत राहिलं. थोडा वेळ वाट बघून त्यांनी पुन्हा दाबलं. "असंच करतो आम्ही. दोनदा दाबलं का मग येते." मग पानावर हिरव्या अक्षरात आलं: 'सर्व मेल यशस्वीरीत्या पाठवले.' काही सभासदांना एकच पत्र दोनदा येतं आणि काहींना येतच नाही, ही तक्रार कुठून येते ते तिथेच कळलं.

३ डिसेंबर, मंगळवार

कोड उघडला. मेल पाठवायला तीन वेगवेगळे घटक, म्हणजे तयार सॉफ्टवेअरचे तुकडे, वापरलेत. सर्वात जुन्या पानांवर मायक्रोसॉफ्टचा सीडीओएनटीएस, मधल्या काळातल्या पानांवर एका बाहेरच्या कंपनीचा विकत घेतलेला घटक, आणि संकेतस्थळाच्या संपर्क अर्जावर मायक्रोसॉफ्टचाच नंतरचा सीडीओ. ज्याच्या काळात जे चलनात होतं ते त्याने वापरलं.

सीडीओएनटीएस हा विंडोज एनटी ४ च्या काळातला. विंडोज २००० सोबत सीडीओसिस, म्हणजे वरचाच सीडीओ, आलं आणि २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुना घटक देणंच बंद केलं. तरी इथे २००३ वर तो चालतोय, म्हणजे कोणीतरी जुन्या मशीनवरून ती डीएलएल (घटकाची फाइल) आणून नोंदवली होती. खटपटी माणूस असणार.

खरा घोटाळा घटकांत नाही. पाठवण्याच्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर 'ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट' ही ओळ आहे. चूक आली तर गिळायची आणि पुढे जायचं. शेवटी हिरवं वाक्य छापायचं. मेल गेला काय, न गेला काय, पान आनंदातच.

शिवाय सगळे मेल एकाच लूपमध्ये, पान उघडं असतानाच पाठवले जातात. एएसपीच्या पानाला मुळात ९० सेकंदांची मुदत असते आणि सीडीओ मेल-सर्व्हरशी जोडणी व्हायची ३० सेकंदांपर्यंत वाट बघतो. मेल-सर्व्हर जरा रेंगाळला की तीन-चार मेलमध्येच पानाची मुदत संपते. अर्ध्या यादीला मेल, अर्धी कोरडी. दुसऱ्यांदा बटण दाबलं की लूप पुन्हा पहिल्या नावापासून.

ठरवलं: पानाने मेल पाठवायचाच नाही. पानाने फक्त चिठ्ठी टाकायची, पाठवायचं काम दुसऱ्याने करायचं. आणि पडद्यावर आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढंच लिहायचं.

५ डिसेंबर, गुरुवार

सर्व्हर कोणता घ्यायचा यावर फोनवर बराच वेळ गेला. विक्रेत्याचा आग्रह विंडोज सर्व्हर २०२५ साठी, गेल्याच महिन्यात आला म्हणून. त्यात विंडोजची स्वतःची एसएमटीपी (मेल पाठवणारी) सेवा काढून टाकलेली आहे. २०२२ मध्ये ती अजून मिळते.

ती सेवा असली तर काम सोपं दिसतं. इनेटपबच्या आत मेलरूट, त्यात पिकअप फोल्डर. पानाने फाइल टाकली की सेवा उचलून पाठवते. आमच्या ज्युनिअरला हाच मार्ग आवडला होता. मी नको म्हटलं. मायक्रोसॉफ्टने जी गोष्ट उचलून बाहेर ठेवली आहे तिच्यावर आज नवं बांधायचं, म्हणजे पुढच्या सर्व्हर-बदलाला हीच बैठक, हाच चहा, पुन्हा.

निर्णय: विंडोज सर्व्हर २०२२, भाड्याच्या आभासी यंत्रावर. मेल एका पैसे भरून घेतलेल्या रिले सेवेमार्फत, म्हणजे आपला मेल घेऊन पुढे पोचवणाऱ्या सेवेमार्फत. आमच्या बाजूला फक्त सीडीओ, कारण तो विंडोजसोबतच येतो, वेगळा परवाना लागत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

आयआयएस, म्हणजे विंडोजचा वेब-सर्व्हर, उभं केलं. क्लासिक एएसपी मुळात बंद असतं. सर्व्हर रोलमध्ये जाऊन 'अ‍ॅप्लिकेशन डेव्हलपमेंट'खाली त्यावर खूण करावी लागते. मग जुन्या पानांनी नखरे दाखवले. वरच्या फोल्डरातली फाइल जोडणाऱ्या ओळी आहेत, त्यासाठी 'पॅरेंट पाथ्स' सुरू करावं लागलं. एररचा मजकूर ब्राउझरला दाखवण्याची सोयही तात्पुरती चालू केली, नाहीतर प्रत्येक चुकीला तेच एक बिनकामाचं ५०० चं पान.

बाहेरच्या कंपनीचा घटक आज लगेच काढता येत नाही, मधल्या पानांवर तो पसरलाय. तोपर्यंत चालावा म्हणून नोंदवायला घेतला. नोंदणीचा संदेश यशस्वी, पान मात्र म्हणतं एएसपी ०१७७, ८००४०१एफ३, म्हणजे या नावाची वस्तू इथे नाहीच.

हे ज्याला माहीत नाही त्याचा दिवस जातो, म्हणून सविस्तर लिहून ठेवतोय. ६४-बिट विंडोजवर डीएलएल नोंदवणारे रेगएसव्हीआर३२ हे प्रोग्राम दोन असतात. सिस्टिम३२ या फोल्डरातला ६४-बिट आणि सिसवॉव६४ मधला ३२-बिट. नावं उलटी वाटतात, पण आहे हे असंच. जुनी डीएलएल ३२-बिट असल्याने तिची नोंद रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या नोंदवहीच्या) ३२-बिट कप्प्यात जाते. आयआयएसचा अ‍ॅप्लिकेशन पूल, म्हणजे पानं चालवणारी प्रक्रिया, मुळात ६४-बिट असतो. तो त्या कप्प्यात बघत नाही, आणि बघितलं तरी ३२-बिट डीएलएल आपल्या प्रक्रियेत उचलू शकत नाही. पूलच्या प्रगत सेटिंगमध्ये ३२-बिट अ‍ॅप्लिकेशनला परवानगी दिली, पूल पुन्हा सुरू केला, पान उघडलं.

बाहेरचा घटक निघाल्यावर पूल ६४-बिट करता येईल असं मनात होतं. तेही नाही. लाभांशाचा अहवाल अ‍ॅक्सेसची फाइल जेट ड्रायव्हरने उघडतो आणि तो ड्रायव्हर ३२-बिटच आहे. पूल ३२-बिट राहणार. सीडीओला फरक पडत नाही, तो दोन्हीकडे असतो.

१० डिसेंबर, मंगळवार

सीडीओची मांडणी. ज्युनिअर दोन तास फायरवॉलच्या मागे लागला होता, कारण सीडीओच्या प्रत्येक सेटिंगचं नाव मायक्रोसॉफ्टच्या एका वेब-पत्त्यासारखं दिसतं आणि तो पत्ता सर्व्हरवरून उघडत नव्हता. त्याला सांगितलं, ते फक्त नाव आहे रे. त्या पत्त्यावर कोणी जात नाही, काही आणत नाही.

पोर्टचा (जोडणीच्या क्रमांकित दाराचा) प्रश्न. २५ भाड्याच्या यंत्रावरून बाहेर जाण्यासाठी बंद. स्पॅम थांबवायला असं करणारे बरेच आहेत आणि ते योग्यच. ५८७ वर आधी साधी जोडणी होते आणि मग स्टार्ट-टीएलएस म्हणून ती एन्क्रिप्ट होते. सीडीओला ते आमच्याकडे जमलं नाही, दर वेळी ८००४०२१३, वाहतूक सर्व्हरपर्यंत पोचली नाही. ४६५ वर जोडणी पहिल्या क्षणापासून एन्क्रिप्टेड असते. तिथे 'एसएसएल वापरा' हो केलं आणि पहिला मेल पोचला.

४६५ ला 'जुनं, बाद झालेलं पोर्ट' म्हणणारे अजून भेटतात. मधली काही वर्षं ते अधिकृत नव्हतं, हे खरं. पण २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाने त्याला मेल सोपवण्यासाठी रीतसर जागा दिली. तेव्हा निर्धास्त वापरावं.

रिलेचा पासवर्ड पानात लिहिलेला नको. वेब-फोल्डरच्या बाहेर वेगळी फाइल, वाचायचा हक्क फक्त पाठवणाऱ्या खात्याला.

१२ डिसेंबर, गुरुवार

डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नोंदींची जागा. संस्थेच्या डोमेनचा ताबा वेबसाइट करून देणाऱ्या जुन्या माणसाकडे. फोन, मग दुसरा फोन, मग "संध्याकाळी बघून सांगतो". संध्याकाळी पॅनलचा पासवर्ड आला, याबद्दल त्याचे आभारच.

आत एसपीएफच्या (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीच्या) दोन नोंदी. एक जुन्या होस्टिंगची, एक कोणीतरी नंतर जोडलेली. प्रत्येकाला वाटतं आपलीही एक टाकली की जास्त सुरक्षित. नियम उलट आहे: एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद; दोन सापडल्या की तपासणाऱ्या सर्व्हरने ती कायमची चूक धरायची. म्हणजे इतके दिवस संस्थेची एसपीएफ नसल्यातच जमा. दोन्ही काढून एक लिहिली, त्यात फक्त नवा रिले आणि कार्यालयाची मेलबॉक्स सेवा. आत आणखी नोंदींचा उल्लेख असेल तर एकूण दहाच्या वर डीएनएस चौकशा चालत नाहीत, म्हणून जुन्या होस्टिंगचा उल्लेख 'राहू द्या, काय बिघडतं' म्हणून ठेवला नाही.

डीकेआयएमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची, २०४८-बिट किल्ली पॅनल घेईना. टीएक्सटी नोंदीतल्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात आणि किल्ली त्याहून लांब असते. अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून दिल्यावर बसली.

डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम) सध्या 'काहीही करू नका, फक्त कळवा' या पातळीवर. अहवाल यायला एक वेगळी मेलबॉक्स काढली. मॅडमनी विचारलं, आपण तर थोडेच मेल पाठवतो, एवढं कशाला? रोज ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून तिन्ही सक्तीचं केलं आहे. आपण त्या गटात नाही. पण छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक लागतंच, आणि सभासदांपैकी बहुतेकांचे पत्ते जीमेलचेच. पतसंस्थेच्या नावाने खोटा मेल कोणी पाठवला तर तो अडवायलाही हेच कामाला येतं. हे दुसरं कारण त्यांना लगेच पटलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

मराठी विषय-ओळ. जुन्या पानांवर ती इंग्रजीत होती आणि संचालक मंडळाला मराठीत हवी आहे.

बाहेरच्या घटकातून 'आपल्या मुदत ठेवीची मुदत संपत आहे' असा विषय पाठवून बघितला. फोनवर 'ठेवी' पर्यंत नीट आणि पुढे 'ची'च्या जागी प्रश्नचिन्हं असलेले काळे चौकोन, मग पुन्हा नीट मजकूर. ज्युनिअर म्हणाला फॉन्टचा घोळ आहे. फॉन्टचा असता तर एकच अक्षर कसं फुटेल?

मेलचा मूळ मजकूर उघडून बसलो. मेलच्या शीर्षकात देवनागरी जशीच्या तशी न पाठवता बेस६४ मध्ये (साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांत) गुंडाळून तुकड्या-तुकड्यांनी पाठवतात. एक तुकडा वेष्टणासकट ७५ अक्षरांपेक्षा मोठा नसावा. वेष्टणाची १२ वजा केली की ६३ उरतात, बेस६४ चारच्या पटीत चालतं म्हणून ६०, आणि ६० अक्षरांत ४५ बाइट मावतात. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, ३ बाइटचं. म्हणजे १५ चिन्हं चपखल. पण शब्दांमधली मोकळी जागा १ बाइटची असते, आणि हिशेब तिथे सरकतो. 'आपल्या' १८, जागा १, 'मुदत' १२, जागा १, 'ठेवी' १२. झाले ४४. पंचेचाळिसावा बाइट 'च' चा पहिला. घटकाने डोळे मिटून तिथेच कापलं: 'च' चा एक बाइट या तुकड्यात, दोन पुढच्या तुकड्यात. प्रत्येक तुकडा पूर्ण अक्षरांचाच असावा असं आरएफसी २०४७ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, तिथे हे कधी लक्षातच येणार नाही.

सीडीओमध्ये चारसेट यूटीएफ-८ आधी ठरवून मग विषय दिला. तोच विषय अखंड आला. याहून लांब, जोडाक्षरांनी भरलेले विषयही पाठवून बघितले, ठीक. बाहेरच्या घटकाचा निकाल इथेच लागला. मधली पानं सुट्टीच्या आधी सीडीओवर आणायची.

पानं यूटीएफ-८ मध्ये जतन केली, कोडपेज ६५००१. सभासदांची नावं जुन्या फॉन्टच्या सांकेतिक पद्धतीत साठवलेली असल्याने मेलमध्ये ती इंग्रजी अक्षरांचा काला दिसतात. केवायसीच्या रकान्यात रोमन लिपीतलं नाव आहे, सध्या तेच. फॉन्ट-बदल हा वेगळा प्रकल्प, वेगळं बिल.

१६ डिसेंबर, सोमवार

आजपासून हिवाळी अधिवेशन. सीताबर्डीकडचे रस्ते मोर्चांसाठी वळवलेले, गाडी काढण्यात अर्थ नाही. सुभाषनगरहून मेट्रोने थेट चितार ओळी. एरवीपेक्षा लवकर पोचलो.

रांगेचं टेबल बांधलं. सभासद क्रमांक, सूचनेचा प्रकार, मुदतीची तारीख, पत्ता, विषय, मजकूर, स्थिती, शेवटची चूक, पुढचा प्रयत्न केव्हा. ठेवीच्या सूचनेत खाते क्रमांकाचे शेवटचे चारच अंक. एकाच सभासदाच्या दोन ठेवी एकाच दिवशी संपू शकतात, हे कॅशियर भाऊंनी आठवण करून दिलं म्हणून ठेव क्रमांकही घेतला. मग सभासद क्रमांक, प्रकार, तारीख आणि ठेव क्रमांक या चार रकान्यांवर मिळून युनिक इंडेक्स. आता बटण कितीदाही दाबा, तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा पडत नाही.

भाऊंनी हौसेने सहा-सात वेळा दाबून बघितलं. "आता नाही येऊन राहिलं दुसरं." मग मॅडमना बोलावून पुन्हा दाबून दाखवलं.

१८ डिसेंबर, बुधवार

पाठवणारी स्क्रिप्ट. टास्क शेड्युलर दर पाच मिनिटांनी चालवतो, प्रत्येक फेरीत थोड्याच चिठ्ठ्या उचलायच्या. स्थिती चार: रांगेत, घेतली, स्वीकारली, परत.

'घेतली' ही स्थिती का हवी यावर ज्युनिअरशी वाद झाला. मेल रिलेकडे गेला आणि नोंद करण्याआधीच यंत्र बंद पडलं, तर? 'रांगेत'च ठेवलं असतं तर तो पुन्हा जाईल. आधीच 'स्वीकारली' लिहिलं असतं तर न जाताच गेल्यासारखा दिसेल. म्हणून पाठवण्याआधी 'घेतली' लिहायचं, आणि अर्धा तास त्याच स्थितीत अडकलेली चिठ्ठी स्क्रिप्टने स्वतः न हलवता माणसाला दाखवायची. थकबाकीचं पत्र दोनदा गेलं तर सभासद काउंटरवर येऊन भांडतो. ठेवीची सूचना गेलीच नाही तर तो शांत असतो, आणि पैसे तसेच पडून राहतात. दोन्हीचा निर्णय यंत्रावर सोडायचा नाही.

सर्व्हरच्या उत्तरांचा नियम सोपा: ४ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या', तर थांबून पुन्हा, दर वेळी अंतर वाढवायचं. ५ ने सुरू होणारं म्हणजे 'नाहीच', मग पुन्हा प्रयत्न नाही. चुकीच्या पत्त्यावर सतत मेल मारत राहणं हीच नाव खराब करून घ्यायची पक्की रीत.

एक अडचण अशी की मेल स्वीकारताना रिले जो पावती क्रमांक देतो तो सीडीओ आपल्याला देतच नाही. म्हणून प्रत्येक मेलच्या शीर्षकात आमचा चिठ्ठी क्रमांक स्वतंत्र ओळ म्हणून टाकला. रिलेच्या अहवालात तोच शोधायचा.

यंत्राचं घड्याळ यूटीसीवर होतं. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरसाठी कालचीच तारीख. मुदतीच्या सूचना रात्री रांगेत पडतात, म्हणजे सगळ्या एक दिवस उशिरा निघाल्या असत्या. बदललं.

२३ डिसेंबर, सोमवार

कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या पत्त्यांवर चाचणी. मॅडमचा मेल स्पॅममध्ये, बाकीच्यांचे इनबॉक्समध्ये. शीर्षकं तपासली: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही उत्तीर्ण. मग मजकूर बघितला. जुन्या साच्यात तळाशी एका लिंक-आखूड करणाऱ्या सेवेचा दुवा आणि 'त्वरित संपर्क साधा' तीन उद्गारचिन्हांसह. दुवा काढून संस्थेच्या डोमेनचा दिला, उद्गारचिन्हं पुसली, कार्यालयाचा पत्ता आणि काउंटरची वेळ घातली. मॅडमना पुन्हा पाठवला, इनबॉक्समध्ये आला. एका पेटीवरून निष्कर्ष काढत नाही, पण पतसंस्थेचं पत्र पतसंस्थेच्या पत्रासारखं दिसावं हे एरवीही बरं.

हिरवं वाक्यही आज गेलं. आता पान म्हणतं: 'इतक्या सूचना रांगेत टाकल्या. स्थिती पाहण्यासाठी येथे दाबा.' एका संचालकांना हे कमी वाटलं, पूर्वी कसं 'यशस्वीरीत्या' यायचं. त्यांना स्थितीचं पान उघडून दिलं. कोणाला कधी गेलं, कोणाचं परत आलं, सगळं नावानिशी. ते बराच वेळ त्यातच होते.

३० डिसेंबर, सोमवार

जानेवारीत संपणाऱ्या ठेवींच्या खऱ्या सूचना आज सुटल्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्या स्थितीच्या पानासमोर बसून बघितल्या. काहींना ४५१ मिळालं, पुढच्या फेरीत ती स्वीकारली गेली. परत आलेल्यांत बहुतेक ५५० ५.१.१, म्हणजे असा पत्ताच नाही. शिवाय जीमेल डॉट कॉमच्या जागी डॉट 'कॉन' लिहिलेले कितीतरी, कागदी अर्जावरून उतरवताना झालेले. अशी चूक आता अर्ज भरतानाच पान दाखवून देतं.

परत आलेल्यांची यादी छापून कॅशियर भाऊंना दिली. ते फोन लावायला बसले. पहिल्याच सभासदाने विचारलं म्हणे, "मेल कशाला, व्हॉट्सअ‍ॅप नाही का करत?"

२ जानेवारी २०२५, गुरुवार

हस्तांतर. मॅडमकडे दिलेलं: रिलेच्या खात्याचा ताबा संस्थेच्या ई-मेलवर, डीएनएस पॅनलचा पासवर्ड लिफाफ्यात तिजोरीत, स्थितीच्या पानाचा अर्थ एका पानावर मराठीत. जुना सर्व्हर महिनाभर बंद करून ठेवायचा, पुसायचा नाही.

राहिलेलं: बाहेरच्या घटकाची डीएलएल नोंदणीतून काढली, पण सभेच्या नोटिशीचं पान अजून सीडीओवर आणायचं आहे, सभा सप्टेंबरपर्यंत, घाई नाही. डीमार्कचे अहवाल नियमित येतायत. त्यात कार्यालयाच्या स्कॅनरवरून थेट जाणारे मेल डीकेआयएमविना दिसतात. तो स्कॅनर रिलेवर वळवल्याशिवाय डीमार्कची पातळी वाढवायची नाही. पुढच्या आठवड्यात ज्युनिअर जाईल, स्कॅनरचा प्रशासक पासवर्ड कोणाकडे आहे ते मॅडम शोधून ठेवणार आहेत.